तारेचा ताप

पनवेल, ९ नोव्हेंबर २०१२

भावना,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुला कळलं असेल. तरीही तू ते फोडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. पत्ता माझ्याकडे लीड्सचा जुनाच आहे. ती खोली सोडली असशील तर तुझ्या घरमालकीणबाई पत्र पुढे धाडतील. पाकिटाच्या मागे त्यांना बारीक अक्षरात तशी विनंती केली आहे.

लिहायला कारण आहे. उरण नाक्यावरच्या आपल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानाची इमारत पाडायची ठरली आहे. डिसेंबरअखेर गाळा रिकामा करून द्यायचा. नानांच्या नंतर ही चार वर्षं त्यांच्या हाताखालच्या काळूरामनं दुकान चालवलं. आता तोही म्हणतो, डोळ्यांना बारीक तार दिसत नाही. रोज शाळा सुटली की मी तिथे जाते आणि आम्ही दोघं एकेक खोका उघडतो. वॉर्निशचा वास अजून तसाच आहे. परवा तर माझ्या साडीलाही घरी आला.

नानांच्या वस्तूंपैकी तुला काय हवं ते कळव. हातानं फिरवायचं वाइंडिंगचं मशीन आहे. त्याचा वेढे मोजणारा आकडा अजून चालतो. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस, आणि त्या आकड्यावर तू मोजायला शिकलीस. शंभरानंतर 'आता परत शून्य' असं ओरडायचीस आणि समोरच्या दुकानातली माणसं हसायची. मी त्याच वर्षी ठाण्याहून, मावशीकडचं कॉलेज अर्धवट सोडून, कायमची पनवेलला आले होते. मला कॉन्व्हेंट मिळालं, तुला मराठी शाळा. आणि तरी फिजिक्स तुझ्या वाट्याला आलं. गंमतच की नाही?

तुझ्या पहिल्या लेखाची आठवण झाली की अजून हसू येतं. पंधरा पानांत कुठेही 'द' नव्हता. इंग्रजी तपासायला तू मला पाठवायचीस आणि मी लाल पेननं 'द' पेरत जायचे. भात लावल्यासारखे. पेरता पेरता विषयही थोडा कळत गेला. निकेल आणि लोखंडाची तार, इतकी बारीक की केसाच्या जाडीत तीनशे मावतील. तिच्या एका भागातलं चुंबकत्व इकडे तोंड करून, दुसऱ्या भागातलं तिकडे, आणि मधे सीमा. करंट सोडला की ती सीमा सरकते. पण त्याच करंटनं तार तापतेही. मग सीमा सरकली ती करंटनं ढकलली म्हणून की ताप चढला म्हणून, हा तुझा प्रश्न.

रविवारी दुपारी साडेतीनला, तुझ्याकडे सकाळचे अकरा, तू नानांना हे पहिल्यांदा सांगितलंस ते मला आठवतं. ते फोन कानाशी दाबून म्हणाले होते, "एवढ्याशा तारेला थर्मामीटर कुठे लावणार गं?"

तू म्हणालीस, "लावत नाहीच, नाना. तारेचा रेझिस्टन्स मोजायचा. तो जेवढा वाढला, तेवढी ती तापली."

नानांनी मांडीवर थाप मारली. "अगं, मग हा आपलाच धंदा झाला! मोटरच्या पोटातलं वाइंडिंग किती तापलं हे आम्ही दुसरं काय करून बघतो? आधी थंड रीडिंग, मग गरम रीडिंग. दहा डिग्रीला चार टक्के. त्याच्यासाठी तू इंग्लंडला गेलीस होय?"

तेव्हापासून तुझी तार म्हणजे 'पेशंट', आणि दर रविवारी पहिला प्रश्न, "पेशंटचा ताप किती?" 

त्या मेसेजबद्दल मला आता एवढंच लिहायचं आहे की मी मनात काही ठेवलेलं नाही. माणसाकडून होतं. नानांची ती अवस्था आणि तुझा तो थट्टेचा मेसेज, त्यानंतर फोनवर मी तुला जे बोलले ते रागात बोलले. तूही विसर.

मध्यंतरी तुझ्या कॉलेजातली नीता बाजारात भेटली. म्हणाली, तू प्रयोगशाळा सोडलीस, शाळेत गणित शिकवतेस. खरं का? तुझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण माझ्याकडे तपासायला आलंच नाही. ते ताप या विषयाचंच होतं ना?

दिवाळी मंगळवारी. चकल्या करते आहे, पण कुणासाठी, हा प्रश्नच आहे.

तुझी ताई

*

पनवेल, २ डिसेंबर २०१२

भावना,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमन दिसला की मी उगाच चपला घालते.

आज हे लिहायला बसले कारण डायरी सापडली. नानांची निळ्या कापडी बांधणीची, वाइंडिंगची. प्रत्येक मोटरला एक पान. 'भामाबाई, मिक्सर, इतके वेढे, अमुक तार.' 'कळंबोली, लोखंडाच्या वखारीतली क्रेन, तीन फेज.' काम झालं की कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण. ती पेन्सिल त्यांच्या कानावर असायची, आणि कान खाजवला की गालावर लाल रेघ.

मी चाळत होते. मागच्या बाजूनं उघडली तर सव्वीस पानं तुझीच. प्रत्येक पानावर उभी रेघ, डावीकडे 'लीड्स', उजवीकडे 'पनवेल'. डावीकडे तुझ्या तारेचे आकडे, रविवारची तारीख घालून. उजवीकडे त्यांच्या तारेचे. तुला आठवतं ना, शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी दुकानातसुद्धा एक पेशंट मांडला होता? रिळातली सगळ्यांत बारीक तार दोन खिळ्यांना ताणून, खाली काच, बाजूला बॅटरी आणि मीटर. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "थांबा, ऑपरेशन चालू आहे." संध्याकाळी मी दुकानावरून गेले की मला आकडा सांगायचे आणि मी मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून तुला पाठवायचे. 'पेशंटचा ताप ९२. नाना तुझी आठवण काढतात.' ते शेवटचं वाक्य दर वेळी असायचंच.

म्हणूनच मला आज तुला काही सांगायचं आहे.

ठाण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये दर शुक्रवारी कॅथलिक मुली कन्फेशनला जायच्या. आम्हाला बाहेर बाकावर बसवत. माझ्या शेजारी बसणारी फिलोमिना आत जाऊन दोन मिनिटांत बाहेर यायची, तोंडावर जत्रेहून आल्यासारखा आनंद. मी विचारलं, इतकी पापं इतक्या लवकर कशी सांगतेस? ती म्हणाली, "सोप्पं आहे. आधी दोन लहान सांगायची. मग मोठं पटकन मधे घुसवायचं. शेवटी परत एक लहान. फादरला कळतसुद्धा नाही." माझं मागचं पत्र मी आज मनात पुन्हा वाचलं. त्यात मी लहानसुद्धा सांगितलं नव्हतं. उलट तुलाच माफ करून मोकळी झाले होते.

तर ऐक. ऑगस्ट २००८. दुकानात गुडघाभर पाणी शिरलं आणि नाना गिऱ्हाइकांच्या मोटरी वर उचलत दोन तास त्या पाण्यात होते. आठवड्यानं ताप आला. शनिवारी हॉस्पिटलात ठेवलं. रविवारी तुझा फोन रिकाम्या घरात वाजला असेल. नाना म्हणाले, तिला घाबरवू नकोस, म्हणून मी 'आज बाहेर आहोत' एवढंच कळवलं. सोमवारी, अठरा तारखेला, डॉक्टरांचा चेहरा बघून मीच घाबरले आणि तुला मेसेज केला. तो जुन्या मोबाइलमध्ये अजून आहे. चार्जर लावून आत्ता वाचला.

'पेशंटचा ताप उतरत नाही. काल १०१, आज १०३. नाना तुझी आठवण काढतात.'

सगळे त्यांना पेशंटच म्हणत होते. नर्स, वॉर्डबॉय, शेजारच्या खाटेवरच्यांचे नातेवाईक. माझ्याही बोटांना तीच सवय झाली होती.

आणि तुझं उत्तर. 'करंट बंद करा. पेशंटला पूर्ण थंड होऊ द्या, मग पहिल्यापासून मोजा. नानांना म्हणावं, घाई केली की तार जळते.'

मी त्या वेळी ते अक्षरशः तसंच वाचलं. बापाला एकशेतीन ताप आणि ही म्हणते पूर्ण थंड होऊ द्या. हातातला मोबाइल मी खाटेवर फेकला.

पण तेराव्याला, पाहुणे जेवून गेल्यावर, मी मागचे सगळे मेसेज ओळीनं वाचले. ९२. ९५. ९८. मग १०१, १०३. तू दुकानातल्या तारेबद्दलच लिहिलं होतंस. तुला दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं. हे मला तेराव्या दिवशी कळलं, आणि मी तुला कळवलं नाही. फोनवर मी तुला म्हणाले होते ना, "तुझा मेसेज त्यांनी ऐकला. करंट बंद करा म्हणालीस, झाला बंद. समाधान?" ते शब्द परत कसे घ्यायचे हे मला समजेना. मग वर्ष गेलं. मग शरमेलाच राग म्हणायची सवय झाली.

हे माझं पाप. सांगून टाकलं.

डायरी तुला हवी आहे का?

तुझी ताई

*

पनवेल, १८ डिसेंबर २०१२

भावना,

शाळेत मधली सुट्टी आहे, तेवढ्यात लिहिते.

काल काळूराम बांबूच्या पट्ट्यांचा डबा रिकामा करत होता. मोटरच्या खाचांत ठोकायच्या त्या बारीक पट्ट्या, त्यानंच तासलेल्या, चाळीस वर्षांतल्या उरलेल्या. म्हणाला, "ताई, ह्या चुलीत घालू का ठेवू?" मी म्हटलं, थोड्या ठेव, भावनाला पाठवू. तुझं नाव निघालं तसा तो हसला.

"भावनाताईला सांगा, तिच्या त्या मेसेजची मना अजून याद हाय. नाना किती हसलं व्हतं तवा! खोकला लागला तरी हसतच व्हतं. मी शहाळं घेऊन उभा, पाणी सांडलं ना माझ्या हातातलं."

मी सुतळी शोधायला वळले.

तो पट्ट्या बांधता बांधता म्हणाला, "बिचारीला यायला भेटलं नाय. इमानाचं तिकीट नसल भेटलं. तुमी तर तवाच कल्लवलं व्हतं, नाय का?"

मी म्हटलं, "अंधार पडेल, काळूराम. उरलेलं उद्या."

"आता तर चार वाजलेत, ताई," तो म्हणाला.

घंटा झाली. दुसरीचा वर्ग आहे, वाट बघतात.

ताई

*

पनवेल, १३ जानेवारी २०१३

भावना,

मागचं पत्र मी तसंच पेटीत टाकलं. घरी आणलं असतं तर फाडलं असतं. काळूरामचं बोलणं तू वाचलंस आणि तुझ्या लक्षात आलंच असेल. तरी माझ्या तोंडून ऐक. आता आधी लहान, मग मोठं असं काही करत नाही.

तेराव्या दिवशी मला कळलं, हे खोटं आहे. मला त्याच दिवशी कळलं होतं. अठरा ऑगस्टलाच, तुझा मेसेज आल्यावर दहा मिनिटांत.

दुपारी चारची भेटायची वेळ होती. काळूराम आला होता. एका हातात शहाळं, दुसऱ्या हातात ती निळी डायरी, कारण कुठल्यातरी मोटरचे वेढे त्याला विचारायचे होते आणि नानांशिवाय कुणाला माहीत नव्हते. तेवढ्यात तुझा मेसेज आला. मी तो नानांना मोठ्यानं वाचून दाखवला. का वाचला ते सांगते. मला तुझी तक्रार करायची होती. तीन दिवस त्यांच्या अंगावर ओल्या पट्ट्या मी ठेवत होते, भांडं मी धरत होते, आणि ग्लानीत ते नाव तुझं घेत होते. 'भावनाचा फोन आला का?' मला त्यांना दाखवायचं होतं की बघा, तुमची लाडकी काय म्हणते.

नानांनी डोळे उघडले. मग हसायला लागले. मला वाटलं, भ्रम झाला.

"अगं वेडे," ते म्हणाले, "पेशंट लिहिलंस ना तू? तिला तारेचं वाटलं!"

त्यांनी काळूरामकडून डायरी मागून घेतली, कानाशी हात नेला, तिथे पेन्सिल नव्हती, तेव्हा नर्सचं पेन घेतलं. शेवटच्या भरलेल्या पानानंतरच्या पानावर, रेघ न मारता, काहीतरी लिहिलं. मग मला म्हणाले, "कळव तिला. म्हणावं, या खेपेला पेशंट मी आहे. करंट बंद करायच्या आत येऊन रीडिंग घेऊन जा म्हणावं."

ते तुला बोलावत होते, भावना. आणि त्या माणसाला एवढा ताप असताना थट्टा सुचत होती, तुझ्याच भाषेत. तुम्हा दोघांची ती भाषा. मी तिच्यात फक्त 'द' घालायचे.

मी मेसेज लिहिला. शब्द न शब्द. तो अजून त्या मोबाइलमध्ये आहे, न पाठवलेल्यांत. पाठवायचं बटण मी दाबलं नाही.

हॉस्पिटलसमोर फोनचं पिवळं बूथ होतं. मंगळवारी मी त्याच्यासमोरून दोनदा गेले. एकदा संत्री आणायला, एकदा औषधाला. मनात म्हणाले, संध्याकाळी करू. संध्याकाळी म्हणाले, ताप उतरेल, मग कशाला उगाच. पण खरं कारण हे की दोन दिवस मला नाना एकटीला हवे होते. तू आली असतीस तर उशाशी तू बसली असतीस आणि मी डबे आणले असते. हे लिहून पाहिल्यावर किती लहान दिसतं.

त्यांनी सोमवारीच विचारलं, "पाठवलंस?"

मी म्हटलं, "हो."

मंगळवारी ते बोटांवर मोजत होते. आज निघाली तर उद्या सकाळी मुंबई, उद्या दुपारपर्यंत पनवेल. दाराशी कुणी आलं की मान वळवायचे. बुधवारी सकाळी जमादारीण फडकं घेऊन आत आली तेव्हाही वळवली. दुपारी दोनला गेले.

तुझ्यावर रागावून गेले नाहीत. एकदाही रागावले नाहीत. म्हणाले, "तिकीट मिळायला वेळ लागतो." एवढंच.

तू चार वर्षं काय समजून राहिलीस ते मला माहीत आहे, कारण ते मीच तुला समजू दिलं. मरणाऱ्या बापाची आपण चेष्टा केली आणि ती ऐकून त्यांनी प्राण सोडला. तू प्रयोगशाळा सोडलीस हे नीताकडून कळलं त्या दिवशी मला कारणही कळलं होतं. 'ताप' हा शब्द तुला रोज उच्चारावा लागत असेल. तरी मी घरी येऊन भाजी निवडली.

तुला आठवतं, तू दहा वर्षांची असताना चालू मोटरला हात लावायला गेलीस? नानांनी तुझं मनगट पकडलं आणि तुझी मूठ उलटी केली. म्हणाले, "पालथा हात लावायचा. पालथ्या हाताला झटका बसला तर हात लांब फेकला जातो. तळहात लावलास तर मूठ आवळते आणि सुटत नाही." काळूरामला, मला, सगळ्यांना त्यांनी हे शिकवलं होतं. माझ्याकडून तळहात लागला. त्यापुढचं तुला समजेल.

माफी मागत नाही. ती मागितली की द्यायची की नाही हे ठरवणं तुझ्या अंगावर येतं, आणि तुझ्या अंगावर मी पुष्कळ टाकलं आहे. फक्त एवढं घे, की ते हसले. तुझ्या मेसेजला ते हसले. हे तुझं होतं आणि मी ते चार वर्षं दाबून ठेवलं.

गाळा रिकामा झाला. नानांचा दुकानातला पेशंट अजून भिंतीवर होता, दोन खिळे आणि तार. काढताना तुटली.

कुमुद

*

पनवेल, २१ एप्रिल २०१३

भावना,

तुझं पत्र बुधवारी आलं. पाकीट फोडायच्या आधी मी हात धुऊन आले. का ते माहीत नाही.

इतकं छोटं की पाठ झालं आहे. 'ताई, चारही पत्रं मिळाली. रविवारी अकराला मी अजून घरी थांबू शकत नाही, बाहेर जाऊन चालत राहते. मी पनवेलला येणार नाही, निदान आत्ता नाही. डायरी पाठव. आणि एक सांग. नाना किती वेळ हसले?'

तू येणार नाहीस हे वाचलं आणि मला ते बरोबरच वाटलं. रडू आलं ते शेवटच्या वाक्यावर.

माझ्या शब्दावर तू विश्वास का ठेवावास, म्हणून आज मुद्दाम करंजाड्याला काळूरामकडे गेले. तो आता मुलाच्या नव्या फ्लॅटवर राहतो, चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या मोटरचा आवाज बरोबर नाही म्हणून वॉचमनशी रोज भांडतो. त्याला मी सगळं सांगितलं, मेसेज पाठवला नव्हता हेसुद्धा. सुनेनं ठेवलेला चहा त्यानं माझ्याकडे सरकवला आणि स्वतः खिडकीकडे बघत बसला.

मग म्हणाला, "ताई, मी तर ती आली नाय म्हून चार वरीस तिलाच बोल लावला. मनातल्या मनात."

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

"व्हय," तो म्हणाला. 'नाय' म्हणाला नाही. मला ते बरं वाटलं.

मग मी त्याला तुझा प्रश्न सांगितला. किती वेळ हसले? त्यानं डोळे मिटले, मोटर ऐकताना मिटतो तसे. म्हणाला, "पयलं हसलं ते खोकला येईपोत्तर. मग मी पाणी दिलं. मग परत हसलं, तोंडावर चादर घेऊन. मग तुमी भायेर गेलाव. तुमी गेल्याव परत एकदा हसलं. मना म्हणतान, काळू, पूर्ण थंड होऊ द्या म्हणते, बघ. आता मी काय मेल्याबिगर पूर्ण थंड व्हतो काय?"

हे तिसरं हसणं मलाही ठाऊक नव्हतं. तुला विचारावंसं वाटलं नसतं तर ते काळूरामबरोबरच गेलं असतं.

तर उत्तर असं, की तीनदा. मोजून किती वेळ ते सांगता येत नाही, घड्याळ कुणी लावलं नव्हतं.

तुझ्या एका लेखातलं वाक्य मला आठवतं. त्यात मी दोन 'द' घातले होते. एका ठरावीक तापापुढे तारेतलं चुंबकत्व नाहीसं होतं. तार थंड झाली की ते परत येतं, पण आधीच्याच दिशेला तोंड करून येईल असं नाही. तेव्हा मी ते नुसतं व्याकरणासाठी वाचलं होतं. आता अधूनमधून त्या वाक्याशी थांबते. तू लिहिलेलं 'निदान आत्ता नाही' हेही तसंच वाचते. त्यातून जास्त काही काढत नाही.

डायरी उद्या रजिस्टरनं पाठवते आहे. तुझी सव्वीस पानं मागून आहेत. त्यांच्या पुढचं पान बघ, नर्सच्या पेनानं लिहिलेलं, अक्षर उतरतं आहे. ते इथे उतरवते, पोस्टात काही झालं तर निदान हे तुझ्याकडे असेल.

'कृष्णकांत. थंड रीडिंग ९८. गरम रीडिंग १०३. भावनाला कळवणे.'

नानांनी कुठलंही पान खुणेशिवाय सोडलं नाही. भामाबाईंच्या मिक्सरला खूण आहे, कळंबोलीच्या क्रेनला आहे, तुझ्या सगळ्या रविवारांना आहे. या एकाला नाही. काम झालं नव्हतं ना. पाठवलं असं मी त्यांना सांगितलं, तरी त्यांनी खूण केली नाही. तू आल्यावरच करायची होती बहुतेक.

काल ते पान उघडून मी हातात लाल पेन्सिल घेतली होती. आता कळवून झालं आहे, असं मनाशी म्हटलं. मग लक्षात आलं, ती खूण माझ्या हातानं व्हायची नाही.

पेन्सिल त्याच पानात ठेवली आहे. अगदी बोटभर उरली आहे, पण टोक काढून दिलं आहे.

तू 'ताई' लिहिलंस, म्हणून खाली तसंच लिहिते.

ताई